कातळफुलाची दुसरी जागा

गुरुवारी सकाळी, साडेअकराच्या सुमारास, भिंगबाईच्या हाती तीनशे बारावा कागद आला आणि तिचं काम तिथंच अडकलं.

संस्थेत सगळे तिला भिंगबाईच म्हणत. गळ्यात दोरीला बांधलेलं घडीचं भिंग कायम असायचं. जेवताना ते डब्यात बुडू नये म्हणून ती ते मागे पाठीवर टाकायची. वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची ती प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर दोन दालनं, एकशे दहा लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास आणि आठवड्यातून तीन दिवस येणारा एक शिपाई. हाताखाली दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे हुकूम सोडायचे ते स्वतःलाच.

गेले तीन आठवडे ती एकाच कपाटासमोर बसून होती. एखादं फूल नवीन आहे असं जगाला सांगायचं तर आधी त्याची जुनी भावंडं एकूणएक तपासावी लागतात. तिच्याकडे आलेल्या नव्या फुलाचं सगळ्यांत जवळचं भावंड म्हणजे रानोमाळ उगवणारं एक साधं कंदफूल. त्याचे तीनशे चाळीस कागद संग्रहात होते. प्रत्येक कागदावर एक वाळकं रोप चिकटवलेलं, खाली कोपऱ्यात कोणी, कुठून, कधी आणलं त्याची चिठ्ठी. तीनशे अकरा कागद निमूट साधे निघाले. तीनशे बाराव्यावरचं एक फूल तिनं कोमट पाण्याच्या थेंबात भिजवलं, सुईनं उघडलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पाकळ्यांच्या तळाशी, घशात, बारीक केसांचं कडं होतं.

साध्या फुलाला असं कडं नसतं. नव्या फुलाला असतं.

तिनं डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. मग पुंकेसर मोजले: तीन लांब, तीन आखूड. तेही नव्यासारखेच. चिठ्ठी साठ वर्षांपूर्वीची होती. ठिकाण: उत्तरेचा जुना तलाव, काठचा कातळ. शेजारी दुसऱ्या चिठ्ठीवर तिच्या गुरूंच्या, सरांच्या, ठसठशीत अक्षरात फुलाचं साधंच नाव लिहिलेलं, खाली सही.

म्हणजे फूल आणखी एका जागी होतं. निदान एके काळी तरी होतं.

हे एवढं का लागलं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. हे फूल मुळात भिंगबाईला सापडलंच नव्हतं. ते सापडलं तिच्या थोरल्या भावाला, दादाला. दादा दगडखाणीत सुरुंगवाला. खडकात भोकं पाडायची, दारू ठासायची, माणसं लांब करायची आणि मग उडवायचं, हे काम त्यानं तीस वर्षं केलं होतं. मागच्या हंगामात खाणीच्या वरच्या सपाट कातळावर भोकांच्या जागा आखायला तो गेला आणि परत आला तो डब्याच्या झाकणात ओल्या रुमालात गुंडाळलेलं एक बोटभर रोप घेऊन. राखाडी झाक असलेलं जांभळं फूल, गवतासारखं एकच पान, खाली वाटाण्याएवढा कंद.

"धाकटे, असलं काही आधी बघितलंयस?" त्यानं विचारलं होतं.

तिनं बघितलं नव्हतं. तिनंच काय, कोणीच त्याचं वर्णन केलेलं नव्हतं. दादा त्या दिवशी इतका खूश झाला की खाणीतल्या प्रत्येकाला सांगत सुटला, आपल्याला फूल सापडलं म्हणून. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे त्याला तेव्हा कुठून कळणार.

कारण वरचा कातळ हाच खाणीचा पुढचा घास होता. खालचा दगड संपत आला होता. आणि फूल उगवत होतं ते फक्त त्या वरच्या कातळावर, मुठीएवढ्या मातीच्या खळग्यांमधून. भिंगबाईनं गुडघे टेकून एकेक खळगा पाहत मोजलं होतं: दोनशे चौदा रोपं. बहर जेमतेम बारा दिवसांचा. जगात एकच जागा आणि त्या जागेवर सुरुंग लागणार, असं असेल तर फूल धोक्याच्या यादीत सगळ्यांत वरच्या पायरीवर जातं, अतिसंकटग्रस्त. त्या पायरीवरच्या जागेला हात लावायचा नाही असा नियम. पण आणखी एक जागा निघाली तर पायरी एकानं उतरते आणि मग खाणीला वाट मोकळी होते: दुसरी जागा राखा, पहिली फोडा.

सुनावणी मंगळवारी होती. फुलाचा दर्जा काय असावा, हे भिंगबाईच्या अहवालावर ठरणार होतं. आपला सख्खा भाऊ त्या खाणीत आहे हे तिनं पहिल्याच दिवशी लेखी कळवलं होतं. संचालकांनी ते पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून म्हणाले होते, "या कुळातली फुलं ओळखणारं तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण? तुम्हीच लिहा. फक्त डोळ्यांत तेल घालून लिहा."

आता तो कागद तिच्यासमोर होता. दालनात ती एकटी. कागद परत खणात सरकवला असता तर आणखी साठ वर्षं कोणाला पत्ता लागला नसता, आणि कातळ वाचला असता. तो पुढे केला तर दादाची नोकरी वाचायची शक्यता होती. पण मग लोक म्हणणार, भावासाठी बरोबर सापडलं बाईला. कसंही केलं तरी बोट तिच्याकडेच वळणार होतं. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, परत आली. मग खुर्ची ओढून तिनं अहवालात एक परिच्छेद घातला, कागदाचा क्रमांक लिहिला, छायाचित्र जोडलं आणि समितीला, खाणीला आणि संस्थेला एकाच वेळी पाठवून दिलं.

संध्याकाळी ती सरांकडे गेली. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, गुडघे गेलेले. छायाचित्र त्यांनी दिव्याजवळ धरून बराच वेळ पाहिलं.

"अक्षर माझंच," ते म्हणाले. "फूल उघडलं होतंस?"

"हो सर. घशात केस आहेत."

"मी उघडलं नव्हतं. त्या आठवड्यात तीनशे कागद निकाली काढायचे होते. वरवर पाहिलं आणि नाव ठोकून दिलं." त्यांनी छायाचित्र तिच्या हातात परत दिलं. "तसंच लिही. घाईत चूक झाली म्हणून लिही. माझी लाज राखायला जाऊ नकोस, मला आता तिचं काही काम नाही."

"तलावाकडे तुम्ही स्वतः गेला होता का सर?"

"नाही गं. कोणीतरी आणून दिलं होतं. जाऊन बघ. बहर संपायच्या आत जा, नाहीतर पान आणि गवत यातला फरक तुझ्या बापालाही कळायचा नाही."

ती घरी पोचते तोच दादाचा फोन. खाणीत अहवाल पोचला होता आणि बातमी वाऱ्यासारखी पसरली होती.

"दुसरी जागा आहे म्हणे," तो म्हणाला. त्याचा आवाज कित्येक दिवसांत इतका मोकळा नव्हता.

"होती. आता आहे की नाही, बघायला पाहिजे."

"कधी जाणार?"

"उद्या-परवा बाकीचे कागद संपवते. रविवारी जाईन."

"मी नेतो. गाडी काढतो. आणि काय गं, बघायला दोन डोळ्यांपेक्षा चार बरे."

"दादा, तू येऊ नयेस हे बरं."

"का? मी काय फूल खाणार आहे? पहिलं कोणाला सापडलं होतं?"

तो शोधण्यात खरोखरच तरबेज होता; तीस वर्षं खडकाकडे पाहून त्याची नजर घडली होती. तिनं होकार दिला. पुढे तिला त्या होकाराचा पुष्कळ दिवस पश्चात्ताप झाला.

रविवारी सकाळी सातला दोघं निघाली. अडीच तासांचा रस्ता. एरवी दादा गाडी चालवताना तोंडाचा पट्टा बंद करायचा नाही; त्या दिवशी मात्र तो फार बोलला नाही. वहिनीनं दिलेल्या पोळ्या मागच्या सीटवर होत्या, त्यांनाही कोणी हात लावला नाही. दोघांनाही एकच गोष्ट बघायची होती आणि दोघांची इच्छा एकमेकांच्या उलट होती. गाडीत ती गोष्ट तिसऱ्या माणसासारखी बसून होती.

जुना तलाव आता जुना राहिला नव्हता. बांध उंच झाला होता आणि काठचा निम्म्याहून अधिक कातळ पाण्याखाली गेला होता. उरलेला भाग काळपट, त्यावर तांबूस मातीचे पट्टे. भिंगबाईनं दोरी टाकून जागेचे चौकोन पाडले. दादा पश्चिमेकडून, ती पूर्वेकडून. दोन तास ती वाकून चालली. साधं कंदफूल पाच-सहा ठिकाणी दिसलं. प्रत्येक वेळी ती खाली बसायची, भिंग लावायची, आणि घशात केस नसायचे. प्रत्येक वेळी तिला सुटल्यासारखं वाटायचं आणि त्या वाटण्याची लाजही वाटायची.

साडेअकराला दादानं हाक मारली.

"धाकटे. ये इकडे."

तो एका मोठ्या शिळेच्या आडोशाला उभा होता. त्याच्या पायाशी, तीन उथळ खळग्यांमध्ये, राखाडी-जांभळी नऊ फुलं उमललेली होती.

ती गुडघ्यांवर बसली, भिंग उघडलं. केसांचं कडं होतं. पुंकेसर तीन लांब, तीन आखूड. शंकेला जागाच नव्हती. हे तेच फूल होतं. पायरी उतरली, कातळ गेला, असं तिच्या मनात आलं. मग एकदम दादाच्या घरातलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं आणि चला, निदान त्यांचं तरी निभावलं, असंही आलं.

सवयीनं तिनं पान बाजूला करून बुंध्याशी पाहिलं. पान जिथं जमिनीतून वर येतं तिथं ते खोडाला पन्हळीसारखं वेढून असतं. त्या पन्हळीत काहीतरी पांढुरकं अडकलं होतं. तिनं सुईच्या टोकानं ते काढून नखावर घेतलं. पिठासारखी बारीक, राखाडी-पांढरी भुकटी. भोकं पाडताना खडकातून उडते ती. ही भुकटी ती वर्षभर आपल्या बुटांवरून झटकत आली होती. दादाच्या कपड्यांतून तर ती तीस वर्षांत कधी गेलीच नव्हती.

तिनं दुसरं रोप पाहिलं. तिसरं. सगळ्यांत भुकटी. आणि खळग्यातली तांबूस माती बोटांनी दाबून बसवलेली. वर शेवाळाचा एक तुकडा, तोही उलटा ठेवलेला.

तिनं वर पाहिलं नाही.

"काल तू कुठं होतास?" तिनं विचारलं.

"कामावर. दुसरं कुठं असणार?"

"काल खाण बंद होती, दादा. सुनावणीपर्यंत वरचं काम थांबवलंय आणि खाली दुरुस्ती चालू आहे. तुमच्याच व्यवस्थापकांनी समितीला पत्र पाठवलंय. माझ्याकडे प्रत आहे."

तलावावरून वारा येत होता, नऊही फुलं एकदमच हलत होती.

"कधी उपटलीस?"

"शुक्रवारी," तो शेवटी म्हणाला. "उपटली नाहीत, नीट काढली. कंदासकट. डब्यात ओली माती घालून आणली. तू मागं सांगितलं होतंस तसंच." तो शिळेवर बसला. हातांना काय करावं कळेना, म्हणून त्यानं ते गुडघ्यांवर ठेवले. "एकही मेलेलं नाही बघ."

"दादा, हे काय केलंस तू?"

"काय केलं? जगातलं एक फूल तरी मारलं का मी? तिथं होती, इथं आणली. तुझ्या कागदावर लिहिलेलंच आहे की इथं होतं म्हणून. होतं तिथं पुन्हा आणलं, एवढंच."

"मग मला का बोलावलंस? फोटो काढून तूच पाठवायचास समितीला."

"तुझी सही लागते," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "मी चौपन्न वर्षांचा आहे. मला सुरुंग सोडून काही येत नाही. वर कातळ बंद झाला तर खाली सहा महिन्यांचाही दगड नाही. त्रेसष्ट माणसं आहोत आम्ही. रोज मला विचारतात, तुझी बहीण काय म्हणते. काय सांगू त्यांना? बहिणीला फूल मी दिलं म्हणून सांगू?"

भिंगबाईला राग आला होता, पण तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. तिच्या शिक्षणासाठी याच माणसानं शाळा सोडून घण हातात घेतला होता. ते त्यानं आजवर एकदाही काढून दाखवलं नव्हतं. आजही काढलं नाही, आणि त्यामुळेच जास्त लागत होतं.

"मी जे पाहिलं तेच लिहिणार," ती म्हणाली.

"नाव घालणार?"

"अहवालात नाव घालायची जागा नसते. रोपं इथली नाहीत, आणून लावलेली आहेत, एवढं लिहीन."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"विचारलं तर सांगेन."

तो मान हलवत राहिला. मग उठला आणि डबा घेऊन आला. "मग बघत काय बसलीस. उन्हं वाढायच्या आत काढूया. परत नेऊन लावू."

तिनं आधी छायाचित्रं घेतली, भुकटी पुडीत बांधली, राहिलेला कातळ एकटीनं संपवला. एकही रोप सापडलं नाही. दुपारी दोघं निघाली. खाणीच्या वरच्या कातळावर पोचली तेव्हा सूर्य कलला होता. आता नऊ खड्डे कुठे शोधायचे या विचारात ती असतानाच दादा सरळ चालत गेला. इथं दोन, या कपारीत एक, त्या भेगेच्या टोकाला तीन. एकदा पाडलेलं भोक विसरायचं नाही, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण होतं. तो खाली बसून एकेक कंद खळग्यात बसवत होता आणि ती पाणी घालत होती. त्याची बोटं इतकी जाड आणि काम इतकं हलकं, की तिला पाहवेना.

सोमवारी तिनं सुधारलेला अहवाल पाठवला. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. वहिनी कधी आवाज चढवत नसे.

"वन्सं, ह्यांनी मला सगळं सांगितलंय," ती म्हणाली. "चुकलंच ह्यांचं. मी त्यांची बाजू घेत नाही. पण एक विचारू? तुमच्या फुलाला जागा मिळेल. आमची कुठं?"

थोड्या वेळानं वहिनीनंच फोन ठेवला.

मंगळवारी सुनावणीचं सभागृह गच्च भरलं होतं. मागच्या रांगांमध्ये खाणीतली माणसं, धुतलेल्या शर्टांत, हात मांडीवर घेऊन. भिंगबाईनं दोनदा मागे वळून पाहिलं. दादा त्यांच्यात नव्हता. पळाला, असं तिच्या मनात आलं.

समितीच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या; चष्म्यावरून पाहायची सवय असलेल्या. खाणीचे वकील उठले. माणूस अतिशय सभ्य, त्यामुळे जास्त धोकादायक.

"बाई, जुना कागद तुम्हीच शोधलात. त्याबद्दल आम्ही आभारीच आहोत. त्या जागी तुम्ही किती दिवस शोधलंत?"

"एक दिवस."

"एका दिवसात नाही सापडलं, म्हणजे तिथं नाहीच?"

"नाही. म्हणूनच मी 'सापडलं नाही' असं लिहिलंय. 'नाही' असं लिहिलेलं नाही. निम्मा कातळ पाण्याखाली आहे. उरलेल्या भागात पुढचे दोन बहर तरी पुन्हा शोधावं, असंही लिहिलंय."

"पण नऊ रोपं सापडली, असं तुमचाच अहवाल म्हणतो."

"सापडली. ती आदल्या दिवशी आणून लावलेली होती. त्यांच्या पानांच्या बेचक्यांत खाणीच्या दगडाची भुकटी होती. पुडी सोबत जोडली आहे. आणि वरच्या कातळावर तेवढेच नऊ खड्डे रिकामे होते."

मागे कुजबुज झाली. वकिलांनी पुढचा प्रश्न विचारायच्या आत अध्यक्षांनी पेन्सिल टेबलावर टेकवली.

"कोणी लावली, हे तुम्हाला माहीत आहे का?"

भिंगबाईच्या मनात एक उत्तर तयार होतं: मी वनस्पतींची तज्ज्ञ आहे, माणसांबद्दल मला विचारू नका. रात्रभर घोकून ठेवलेलं. ते खोटंही नव्हतं. तिनं समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे.

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या थोरल्या भावानं. तो या खाणीत सुरुंगवाला आहे."

मागे कोणाची तरी खुर्ची करकरली. अध्यक्षांनी समोरच्या फायलीतून रेघांच्या वहीतला एक कागद काढला.

"तुमच्या भावानं आज सकाळी दहा वाजता आमच्या कारकुनाकडे हा कबुलीजबाब दिला आहे. रोपं नऊ, शुक्रवारी काढली, शनिवारी लावली, रविवारी परत नेली. बहिणीला आधी माहीत नव्हतं, असंही लिहिलंय." अध्यक्षा कारकुनाकडे वळल्या. "दोन्ही गोष्टी नोंदवून घ्या."

वकील खाली बसले. त्यानंतर बराच वेळ बोलणी झाली: दर्जा, नियम, खालचा दगड किती उरला, धुळीचं काय. भिंगबाईनं तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली, पण आपण काय बोललो ते तिला नंतर नीटसं आठवलं नाही.

बाहेर आली तेव्हा दादा फाटकाजवळच्या बाकावर बसला होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. निकाल नंतर कळवणार आहेत."

"विचारलं का, कोणी लावली म्हणून?"

"विचारलं."

"मग?"

"तुझं सांगितलं."

दादानं मान वर केली. "माझा कागद त्यांच्याकडे आहे हे तुला ठाऊक होतं?"

"नाही."

"म्हणजे तुला वाटत होतं की मी..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. फाटकातून खाणीची माणसं दोघा-तिघांच्या घोळक्यानं बाहेर पडत होती. कोणी त्याच्याकडे पाहिलं, कोणी पाहिलं नाही.

"मला वाटलं तू आलाच नाहीस," ती म्हणाली.

"आत यायचं धाडस झालं नाही. लिहून देण्यापुरतं होतं." तो उठला, पँटची धूळ झटकली. "चल, तुझी बस चुकेल." आणि तिच्या पुढे चालू लागला. थांब्यापर्यंत तो तिच्या चार पावलं पुढेच राहिला.

निकाल बारा दिवसांनी आला. फुलाला वरची पायरी मिळाली आणि वरचा कातळ पूर्ण बंद झाला. खाणीला पश्चिमेकडची खालची कड मिळाली, लहान सुरुंग आणि पाण्याचे फवारे या अटीवर. तिथं चाळीस माणसांचं काम निघालं. दादावर खटला झाला नाही, ताकीद मिळाली, पण सुरुंगाचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला. चाळिसांत तो नव्हता. त्याला लाद्या कापायच्या एका कारखान्यात यंत्रावर काम लागलं. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, असं वहिनीनं फोनवर सांगितलं. वहिनी फोन करायची. दादा करत नव्हता.

भिंगबाईनं वर्णन लिहून पूर्ण केलं. कंद, पान, पाकळ्या, घशातले केस, सगळं मिलिमीटरांत. धोक्याच्या परिच्छेदात तिनं लिहिलं की दोनशे चौदांपैकी नऊ रोपं माणसानं काढली आणि परत लावली, ती जगतील की नाही हे पुढच्या बहरात कळेल. वर्णन छापण्याआधी तपासणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, हे वाक्य आवश्यक आहे का. तिनं उत्तर दिलं, आहे.

वर्ष गेलं. बहराच्या चौथ्या दिवशी ती दोरी, खुंट्या आणि वही घेऊन कातळावर गेली. उत्तरेची कड संपवून ती पाठ सरळ करायला उभी राहिली, तेव्हा खालून कोणीतरी चढत येताना दिसलं. दादा होता. वजन उतरलं होतं. अंगावर त्या पांढुरक्या भुकटीऐवजी आता लाल धूळ होती.

"सुट्टी आहे आज," तो म्हणाला. ती काही विचारत नव्हती, तरी. "वही आहे का आणखी एक?"

तिनं मागची पानं फाडून त्याला दिली, पेन दिलं. "तू दक्षिणेकडून घे. मधल्या भेगेपर्यंत. उमललेली वेगळी, नुसती पानं वेगळी. पाय जपून."

"मला शिकवू नकोस कातळावर पाय कसा टाकायचा."

दोन तास दोघं वाकून चालत राहिली, एकमेकांकडे न पाहता. मधल्या भेगेशी भेटली तेव्हा दोघांचे गुडघे लाल झाले होते. ताळा जमावा म्हणून दोघांनी जागा बदलल्या आणि एकमेकांचा भाग पुन्हा मोजला. मग कातळावर बसून बेरजा केल्या.

"तुझे सगळे मिळून किती?" तिनं विचारलं.

"दोनशे तीन. तुझे?"

"एकशे अठ्ठ्याण्णव."

दादानं तिचा कागद घेतला, वरून खाली पाहिला, परत दिला. "तुझं चुकलंय."

"माझं कशानं चुकेल? हेच काम करते मी."

"भेगेच्या आतली धरली नसशील. वाकून आत बघावं लागतं."

"आतली धरली आहेत. तूच कुठली तरी दोनदा धरलीस."

तो तिच्याकडे पाहत राहिला, ती त्याच्याकडे. दोघांपैकी कोणी मागे हटेना. मग दादानं कागदाची घडी करून खिशात घातली, गुडघ्यावर हात टेकवून उठला आणि उत्तरेच्या कडेकडे चालू लागला. ती खुंट्या गोळा करून त्याच्या मागोमाग गेली.

"या वेळी बरोबरच मोजू," तो म्हणाला. "मोठ्यानं. मी म्हणेन तो आकडा तू लिही."